वर्गणीदारांची यादी : संख्या आणि गुणवत्ता – मराठी नियतकालिकांच्या व्यवहाराच्या आधारे एक चिकित्सा

प्रस्तावना

गिऱ्हाइकांची नोंद ठेवण्याची प्रथा व्यापाराइतकीच जुनी आहे. लातूरच्या गंजगोलाई परिसरातील किंवा नांदेडच्या मोंढ्यातील जुन्या दुकानांत जी वही असते, तिच्यात गिऱ्हाइकाचे नाव, गाव, देणे-घेणे आणि मागील हंगामाचा व्यवहार यांची नोंद असते. त्या वहीतील प्रत्येक नावामागे दुकानदाराला ठाऊक असलेला एक माणूस उभा असतो. गेल्या दोन-अडीच दशकांत या वहीच्या जोडीला ई-मेल पत्त्यांची यादी आली. शिकवणी वर्ग, बियाणे विक्रेते, ग्रंथविक्रेते आणि प्रकाशक अशा विविध व्यावसायिकांना आता आपल्या गिऱ्हाइकांपर्यंत थेट पोहोचता येते. मात्र या यादीविषयीचा विचार बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरतो : यादी वाढवावी कशी? यादीत कोण असावे, ते तेथे कोणत्या मार्गाने यावेत आणि आल्यानंतर त्यांच्याशी कसे वागावे, हे प्रश्न मागे पडतात.

वस्तुतः हे प्रश्न मराठीत नवे नाहीत. मराठी नियतकालिकांच्या संपादकांना आणि ग्रंथप्रकाशकांना ते शंभर वर्षांपूर्वीच पडले होते. 'वर्गणीदार' हा शब्द मराठीत रूढ झाला तो याच व्यवहारातून. प्रस्तुत लेखात त्या व्यवहारातील काही उदाहरणांच्या आधारे यादीच्या गुणवत्तेची संकल्पना तपासण्याचा प्रयत्न केला आहे आणि आजच्या ई-मेल यादीच्या संदर्भात तिचा अर्थ काय होतो, याची मीमांसा केली आहे.

'किर्लोस्कर खबर' : उपयोगातून निर्माण झालेली यादी

व्यवसायाने आपल्या ग्राहकांशी नियमितपणे लेखी संपर्क ठेवण्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे 'किर्लोस्कर खबर'. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगर हे या कारखान्याचे महत्त्वाचे उत्पादन होते. परंतु पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरणाऱ्या शेतकऱ्याला लोखंडी नांगराची खात्री पटवणे सोपे नव्हते. केवळ जाहिरातीने ही खात्री पटणार नव्हती. अशा पार्श्वभूमीवर लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याचे वार्तापत्र म्हणून जन्मलेले हे नियतकालिक लवकरच सर्वसाधारण वाचकांचे मासिक झाले आणि १९२९ पासून ते 'किर्लोस्कर' या नावाने निघू लागले. पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके त्याला येऊन मिळाली.

या घडामोडीतून दोन निष्कर्ष निघतात आणि ते परस्परविरोधी आहेत. पहिला असा की, वाचकाला अंकात स्वतःच्या उपयोगाचे काही सापडले, तर तो विक्रेत्याचा मजकूर आपणहून मागवतो. इतकेच नव्हे, त्यासाठी वर्गणीही भरतो. कारखान्याच्या वार्तापत्राला वर्गणीदार लाभणे ही गोष्ट आजच्या कोणत्याही व्यावसायिकाने विचारात घ्यावी अशी आहे. दुसरा निष्कर्ष असा की, यादी वाढली की तिचा स्वभाव बदलतो. नांगर विकत घेणारा शेतकरी आणि 'किर्लोस्कर' वाचणारा शिक्षित मध्यमवर्गीय हे एकच नव्हते. मासिक म्हणून हा विस्तार निःसंशय यशस्वी ठरला व मराठी समाजाच्या वैचारिक जडणघडणीत त्याचे स्थान मोठे आहे. परंतु ज्या ग्राहकासाठी पत्राचा आरंभ झाला, तो या विस्तारात केंद्रस्थानी राहिला नाही. व्यवसायाच्या दृष्टीने पाहता मोठी झालेली यादी ही मूळ हेतूची यादी राहिलेली असतेच असे नाही.

'ज्ञानकोश' : विश्वासावर उभी राहिलेली यादी

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे उदाहरण याहून वेगळे आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची पदवी घेऊन परतलेल्या केतकरांनी ज्ञानकोशासाठी राजाश्रयाची वाट पाहिली नाही. त्यांनी मर्यादित कंपनी स्थापन केली, भागधारक मिळवले आणि ग्रंथ पूर्ण होण्यापूर्वीच त्याचे ग्राहक नोंदवण्याचा मार्ग पत्करला. १९२० पासून पुढील दशकात या प्रकल्पाचे तेवीस खंड प्रसिद्ध झाले. या उद्योगाचा वृत्तान्त केतकरांनी स्वतःच लिहिला आणि त्याला 'माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोशमंडळाचा इतिहास' असे नाव दिले. कोशकाराने आपल्या विद्वत्कार्याचा इतिहास एका मंडळाच्या, म्हणजे कंपनीच्या, इतिहासाच्या रूपाने मांडावा, ही गोष्ट बोलकी आहे. कोशाची रचना आणि कोशाची विक्री ही येथे एकाच कामाची दोन अंगे ठरतात.

अपूर्ण ग्रंथाचा ग्राहक होणारा मनुष्य वस्तू विकत घेत नाही, तो शब्दावर विश्वास ठेवतो. त्यामुळे अशा यादीतील प्रत्येक नाव हे प्रकाशकावरील कर्ज असते. ठरलेला खंड वेळेवर न मिळाल्यास यादीतील संख्या कागदावर तेवढीच दिसते. तिच्यातील विश्वास मात्र ओसरू लागतो. नियतकालिकांच्या संपादकांना याचा अनुभव व्ही. पी. पद्धतीतून येई. वर्गणीदाराच्या नावाने पाठवलेली व्ही. पी. स्वीकारली न गेल्यास अंक परत येई आणि टपालखर्चाचा भुर्दंड संपादकावर पडे. परत आलेली व्ही. पी. हा यादीच्या गुणवत्तेचा रोखठोक पुरावा होता. ई-मेलच्या व्यवहारात पाठवणाऱ्याला असा खर्च जवळजवळ जाणवत नाही आणि म्हणूनच निकृष्ट यादी दीर्घकाळ चांगली भासू शकते.

वर्गणी हीच गुणवत्ता काय?

वरील विवेचनावरून पैसे भरणारा वर्गणीदार म्हणजेच गुणवत्तापूर्ण वर्गणीदार, असा समज होण्याचा संभव आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांचा इतिहास या समजाला छेद देतो. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेले 'मूकनायक' आणि ३ एप्रिल १९२७ रोजी सुरू झालेले 'बहिष्कृत भारत' ही दोन्ही पत्रे अल्पजीवी ठरली. पत्राची ज्यांना सर्वाधिक गरज होती, त्यांच्याजवळ वर्गणीचे पैसे नव्हते आणि अनेकांना अक्षरओळखीचाही अधिकार नाकारला गेला होता. 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या शीर्षकाचा अग्रलेख बाबासाहेबांना लिहावा लागला, यावरून पत्राच्या आर्थिक विवंचनेची कल्पना येते. त्या शीर्षकातील 'ऋण' हा शब्द महत्त्वाचा आहे. पत्र आणि वाचक यांचे नाते येथे खरेदी-विक्रीच्या पलीकडे जाऊन परस्परांच्या जबाबदारीचे होते.

या परंपरेचा मराठवाड्यातील विस्तार डॉ. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'मध्ये दिसतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथून सुरू झालेले हे नियतकालिक पानतावणे यांनी अनेक दशके चालवले. 'अस्मितादर्श'चे लेखक-वाचक मेळावे हे त्याचे वैशिष्ट्य होते. यादीतील नाव मेळाव्यात माणूस म्हणून समोर येई, बोले, प्रसंगी टीका करी आणि त्यातूनच नवा लेखक पुढे येई. वर्गणीदाराला केवळ घेणारा न मानता बोलणारा मानले, तर यादीचे रूपांतर समूहात होते. या दोन उदाहरणांवरून यादीची गुणवत्ता सभासदाच्या ऐपतीत शोधता येत नाही, हे स्पष्ट होते. ती त्याच्या सहभागात शोधावी लागते.

नाव देण्यातील जोखीम

नांदेड आणि लातूर ही दोन्ही गावे १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. संस्थानात मराठी वृत्तपत्रांवर कडक निर्बंध होते. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजाम सरकारने बंदी घातली, तेव्हा ते संस्थानाबाहेरून निरनिराळी नावे धारण करून निघत राहिले. बंदी नावावर येई. पत्र आणि त्याचा वाचक यांतील नाते त्या बंदीने तुटत नसे. नाव बदलूनही वाचक टिकतो, याचा अर्थ पत्राचे खरे भांडवल त्याच्या शीर्षकात नसून त्याच्या वाचकवर्गात असते.

या उदाहरणाची दुसरी बाजू अधिक विचारणीय आहे. बंदी असलेल्या पत्राच्या यादीत नाव असणे वाचकासाठी जोखमीचे होते. ज्याच्या हाती यादी असते त्याच्या हाती माणसांची सुरक्षितता असते, ही जाणीव त्या काळातील संपादकांना परिस्थितीनेच करून दिली होती. आज कोणतीही सभा, प्रदर्शन वा प्रवेशप्रक्रिया झाली की उपस्थितांचे पत्ते गोळा केले जातात आणि ते एका हातातून दुसऱ्या हातात जातात. त्या वेळी हीच जाणीव हरवलेली आढळते.

आजची ई-मेल यादी

तंत्रज्ञानाच्या अंगाने पाहिले तरी इतिहासाने दिलेला निष्कर्षच बळकट होतो. विकत घेतलेल्या याद्यांमध्ये बंद पडलेले, चुकीचे आणि कधी अनाहूत पत्रे पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी मुद्दाम ठेवलेले पत्ते असतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल सेवेने, दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. प्रेषकाने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी, प्रचाराच्या पत्रात एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडण्याची सोय द्यावी आणि तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत पोहोचू देऊ नये, अशा त्या अटी आहेत. हजार पत्रांमागे तीन वाचकांनी 'हे पत्र नको होते' असे सांगितले, तरी इतरांना जाणारी पत्रेही अडकू शकतात. पत्र किती जणांनी उघडले, हा आकडादेखील आता विश्वसनीय राहिलेला नाही; कारण ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या सुविधेमुळे वाचकाने न उघडलेले पत्रही उघडले गेल्याची नोंद होऊ शकते. म्हणून वाचकाने दिलेले उत्तर, विचारलेला प्रश्न आणि पुन्हा केलेली खरेदी यांनाच प्रमाण मानणे इष्ट.

यादी बांधण्याची सर्वांत सुरक्षित पद्धत दुहेरी संमतीची आहे. इच्छुकाने पत्ता द्यावा, त्या पत्त्यावर एक पत्र जावे आणि त्यातील दुव्यावर त्याने होकार दिल्यानंतरच नाव यादीत यावे. या पद्धतीने यादी सावकाश वाढते, परंतु तिच्यातील प्रत्येक नाव स्वतःहून आलेले असते.

कायद्यानेही हीच दिशा स्वीकारली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमानुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती मागे घेणे, देण्याइतकेच सोपे असले पाहिजे. संमतीची सूचना मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचता येण्याची सोय आवश्यक ठरवली आहे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. या अधिनियमाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. 'लातूर पॅटर्न'मुळे राज्यभरातून विद्यार्थी येणाऱ्या लातूरमध्ये आणि तशीच शिकवणी वर्गांची मोठी बाजारपेठ असलेल्या नांदेडमध्ये या तरतुदीचे महत्त्व विशेष आहे. येथे यादीतील नाव पुष्कळदा सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे असते आणि त्याच्या पालकाला ते नाव कोठे कोठे पोहोचले याचा पत्ता नसतो.

शैक्षणिक नियतकालिकांचा प्रश्न

ही चिकित्सा व्यापारी व्यवसायापुरती थांबवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या शोधनिबंधांना गुणांक जोडले आणि त्यानंतर महाविद्यालयीन नियतकालिकांना लेखकांचा तुटवडा राहिला नाही. अनेक ठिकाणी वर्गणी आणि निबंधाची प्रसिद्धी यांची सांगड घातली गेली. परिणामी वर्गणीदार हा वाचक न राहता केवळ लेखक झाला. आपला निबंध छापून आला की त्याचे काम संपते. अंकातील इतर निबंध त्याने वाचावेत अशी अपेक्षाही उरत नाही. अशी यादी कितीही मोठी असली, तरी वाचकसंख्येच्या दृष्टीने ती रिकामी असते. जी संस्था विद्यार्थ्यांना विपणनाचे धडे देते, तिच्याच नियतकालिकाला वाचक नसावेत, यातील विसंगती दुर्लक्षणीय नाही.

निष्कर्ष

१. यादीची गुणवत्ता नाव यादीत कोणत्या मार्गाने आले यावर ठरते. स्वेच्छेने आलेली थोडी नावे, नकळत गोळा केलेल्या असंख्य नावांहून अधिक मोलाची असतात.

२. विक्रेत्याच्या मजकुराला वाचक मिळतो तो त्यातील उपयोगामुळे, हे 'किर्लोस्कर खबर'ने दाखवून दिले. मात्र यादीच्या विस्ताराबरोबर मूळ ग्राहक दुरावतो काय, हे तपासत राहिले पाहिजे.

३. 'ज्ञानकोशा'च्या उदाहरणानुसार यादीतील प्रत्येक नाव ही पाळावयाच्या वचनाची नोंद असते.

४. वर्गणी भरण्याची ऐपत हा गुणवत्तेचा निकष होऊ शकत नाही. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' आणि 'अस्मितादर्श' यांच्या परंपरेतून वाचकाचा सहभाग हा अधिक न्याय्य निकष पुढे येतो.

५. यादी बाळगणारा हा त्या नावांचा मालक नसून विश्वस्त असतो. बाहेर पडण्याचा मार्ग खुला असूनही जो वाचक यादीत राहतो, तोच खरा वर्गणीदार होय. नांदेड-लातूरच्या नव्या व्यावसायिकाने आणि येथील शैक्षणिक नियतकालिकांनी आपापली यादी याच कसोटीवर एकदा तपासून पाहावी. या तपासणीत यादी लहान होईल. तथापि जी उरेल, ती आडत्याच्या जुन्या वहीप्रमाणे ओळखीच्या माणसांची असेल.