मेणबत्तीने घालून दिलेला क्रम
मायकेल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. पुढे त्यांचे पुस्तक झाले. त्याची मांडणी अभ्यासण्याजोगी आहे. ज्वलनाचा पाठ आपण सहसा व्याख्येने सुरू करतो. फॅरडे हातातल्या मेणबत्तीने करतात. वितळलेले मेण वातीतून वर कसे चढते, ज्योतीत काय जळते, जळून पाणी व कार्बन डायऑक्साइड कसे तयार होतात आणि अखेर आपले श्वसनही तशीच क्रिया कशी, अशा पायऱ्या येतात. एका उत्तरातून पुढचा प्रश्न निघतो. पाचव्या व्याख्यानात मात्र हवेचे वजन व दाब यांचे विवेचन इतके लांबते की मेणबत्ती बाजूला पडते. हा दोष मान्य करूनही, विद्यार्थ्याचा निबंध तपासताना ‘प्रस्तावना आहे का?’ एवढ्यावर न थांबता ‘हा परिच्छेद इथेच का?’ असे विचारायला हे पुस्तक शिकवते.