हेतूंची झडती आणि नामांतर

डावा माणूस उजव्याच्या कृतीमागे हितसंबंध शोधतो. उजवा डाव्याच्या कृतीमागे चिथावणी शोधतो. समोरचा बोलतो ते त्याला खरोखरच वाटत असेल, ही शक्यता दोघेही सहसा धरीत नाहीत. मराठवाड्यात या सवयीची किंमत कुणी मोजली, एवढेच मला येथे तपासायचे आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. शरद पवारांचे मंत्रिमंडळ येऊन तेव्हा नऊ दिवस झाले होते. विरोधकांनी हेतू ठरवून टाकला : मतांची बेगमी. आपणही त्यांचा हेतू एका शब्दात ठरवला : जातीयवाद. पण विरोधकांच्या रांगेत होते कोण? शिवसेना सर्वांना आठवते. गोविंदभाई श्रॉफ आणि ‘मराठवाडा’ दैनिकाचे अनंत भालेरावही होते. निजामाशी लढलेली, डाव्या आणि समाजवादी विचारांत वावरलेली ही माणसे. ‘मराठवाडा’ हे नाव त्यांना मुक्तिलढ्याची खूण वाटे. ही भावना खोटी होती, असे मी म्हणणार नाही. ती खरी होती म्हणूनच प्रश्न गंभीर होतो. प्रामाणिक अस्मितेच्या आडोशाने गावोगावच्या दलित वस्त्या जाळल्या गेल्या. हेतू शुद्ध असला म्हणून परिणाम शुद्ध ठरत नाही.

नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे आणि सुगावचे जनार्दन मवाडे मारले गेले. पोचीराम मातंग होते. नामांतर ही एकाच जातीची मागणी आहे, असे सांगणाऱ्यांना हे एक नाव पुरेसे उत्तर आहे.

डाव्यांतले अनेक कार्यकर्ते नामांतरासाठी उभे राहिले, तुरुंगात गेले. हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यांच्यातल्या काहींचे विश्लेषण असे की, नाव गौण, भाकरी मुख्य. उजव्यांचे म्हणणे असे की, दलितांना कुणीतरी फूस लावली. भांडणाऱ्या या दोघांचे एका मुद्द्यावर एकमत आहे : दलिताला स्वतःचा हेतू नसतो! तो एकाच्या लेखी फसलेला, दुसऱ्याच्या लेखी भडकवलेला. ज्यांनी १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय उघडले, त्यांचे नाव विद्यापीठाला मागण्यात गूढ ते काय?

हा रोग आपल्याला लागला नाही असे मात्र नाही. १९७४ साली पँथर फुटली ती कोण मार्क्सवादी आणि कोण बुद्धवादी या वादात. तेव्हाही कार्यक्रमापेक्षा हेतूंची झडतीच जास्त झाली.

नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडात गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला नवे विद्यापीठ निघाले. नांदेड-लातूरची महाविद्यालये त्याला जोडली गेली. त्याला स्वामी रामानंद तीर्थांचे नाव मिळाले. स्वामीजींबद्दल मला आदर आहे. पण त्या नावासाठी सोळा वर्षे थांबावे लागले नाही, कुणाची झोपडी जळाली नाही. म्हणजे एखाद्या नावामागचा हेतू विचारायचा की नाही, हेसुद्धा आपल्याकडे जात ठरवते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, कुणाच्या मनात काय आहे हे विचारत बसू नका. वस्ती जळत होती तेव्हा तो कोठे उभा होता, ते विचारा.