स्वयंपाकघरातील डाखकाम : पाककृती की प्रयोग?

आजच्या कोणत्याही इलेक्ट्रॉनिक उपकरणाचे सर्किट बोर्ड पाहिले, तर त्यावरील बहुतेक भागांना तारेचे पाय नसतात. तिळाएवढे हे भाग बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाखाने, म्हणजे सोल्डरने, जोडलेले असतात. डाखाची पेस्ट लावून, भाग ठेवून सगळा बोर्ड एकदम तापवण्याच्या या पद्धतीला रिफ्लो म्हणतात. कारखान्यात त्यासाठी लांब भट्ट्या असतात. हौशी मंडळी मात्र हे काम टोस्टर ओव्हनमध्ये किंवा विजेच्या तव्यावर करतात. अमेरिकेत २००३ साली सुरू झालेल्या स्पार्कफन या कंपनीनेही सुरुवातीच्या वर्षांत असा तवा वापरला. पद्धत चुकीची नाही. आक्षेप आहे तो ती ज्या रीतीने सांगितली जाते त्यावर.

‘ओव्हन लावा, डाख चकाकला की बंद करा’ ही झाली पाककृती. प्रयोग म्हणायचा तर तापमान आणि वेळ यांचा आलेख हवा. ६३ टक्के कथील आणि ३७ टक्के शिसे यांचा डाख १८३ अंश सेल्सिअसला वितळतो. म्हणून बोर्ड आधी सुमारे १५० अंशांपर्यंत सावकाश तापवतात, दीडएक मिनिट सगळीकडे सारखा तापू देतात आणि मग २१० ते २२० अंशांपर्यंत नेतात. डाख जेमतेम मिनिटभर वितळलेला राहिला की पुरे. घाई केली, तर भागाच्या एका टोकाचा डाख आधी वितळतो आणि पृष्ठताणामुळे भाग त्या टोकावर उभा राहतो. दोन्ही टोकांचा डाख एकदम वितळला, तर तोच पृष्ठताण किंचित तिरपा बसलेला भाग ओढून सरळ करतो. पृष्ठताणाचा इतका बोलका धडा पाककृतीत केवळ ‘गंमत’ म्हणून येतो. शिवाय ओव्हनच्या बटणावरील आकडा म्हणजे बोर्डाचे तापमान नव्हे. ते बोर्डाला चिकटवलेले थर्मोकपलच सांगेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शिशाविषयीची सूचना बहुधा शेवटी, एका ओळीत उरकलेली असते. काही जण म्हणतात, धुरातून शिसे शरीरात जाते. काही म्हणतात, शिसे १७४९ अंशांना उकळते, मग भीती कसली? दोघांचेही अर्धेच खरे. २२० अंशांना शिशाची वाफ नगण्य असते. दिसणारा धूर फ्लक्सचा असतो. तोही दमेकऱ्यांना त्रासदायक ठरू शकतो, म्हणून खिडक्या उघड्या हव्यात. शिसे पोटात जाते ते हातांवरून आणि जाळीवर सांडलेल्या कणांवरून. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, आणि सर्वांत जास्त धोका लहान मुलांना. तेव्हा ‘ओव्हन पुसून पुन्हा वापरा’ हा सल्ला सरळ चूक आहे. एकदा डाखासाठी वापरलेला ओव्हन अन्नासाठी कायमचा बाद.

युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक वस्तूंतील शिशावर निर्बंध आणले. तेव्हापासून रूढ झालेल्या कथील-चांदी-तांबे डाखाला २४० अंशांच्या आसपास जावे लागते. लहान ओव्हनची तिथे दमछाक होते. शाळेसाठी कथील-बिस्मथ डाख बरा. तो १३८ अंशांना वितळतो आणि त्यात शिसे नसते. त्याचे सांधे ठिसूळ असतात, पण शिकण्यापुरते चालतात. अर्थात फ्लक्स त्यातही असतो, म्हणून ओव्हन वेगळाच हवा.

शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करावा. पहिल्या दिवशी डाख आणूच नये. एक टाकाऊ बोर्ड ओव्हनमध्ये ठेवून विद्यार्थ्यांना दर दहा सेकंदांनी तापमान टिपू द्यावे आणि आलेख काढायला सांगावे. तो हवा तसा येईपर्यंत पुढे जाऊ नये. आणि ओव्हनवर ठळक अक्षरांत लिहावे : ‘खाद्यपदार्थांसाठी नाही’.