शब्दांविना शोक

गझलेचा शेर दोन ओळींत आपले काम उरकतो. ऐकणारा 'मुकर्रर' म्हणतो, शेर पुन्हा येतो आणि मैफल पुढे सरकते. ज्यांचे कान या सवयीत घडले, त्यांना मॉंट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या वाद्यवृंदाची वीस-वीस मिनिटांची रचना प्रथम परकी वाटणारच. गाणारा कोणी नाही. गिटारी, व्हायोलिन, ड्रम, बस्स! या संगीताला 'पोस्ट-रॉक' म्हणतात. हे नाव इंग्रज समीक्षक सायमन रेनॉल्ड्स यांनी १९९४ मध्ये रूढ केले. हा वाद्यवृंदही त्याच वर्षीचा. वाद्ये रॉकची, पण त्यांच्याकडून काम दुसरेच करून घ्यायचे, असा हा प्रकार.

त्यांच्या २००० सालच्या दोन तबकड्यांच्या अल्बममध्ये रचना चारच आहेत. 'स्लीप' ही त्यांतली एक. सुरुवातीला एक म्हातारा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या आठवणी सांगतो. पूर्वी लोक तिथे किनाऱ्यावर झोपत, आता झोपत नाहीत, एवढेच त्याचे म्हणणे. मग एक साधी धून येते, तीच पुन्हा येते, दर वेळी तिच्यावर एखादे वाद्य चढते. आवाज इतका हळू वाढतो की तो कधी वाढला ते कळत नाही. कळते तेव्हा आपण त्यात बुडालेले असतो. "कवीला येथे काय म्हणायचे आहे?" हा आम्हा शिक्षकांचा लाडका प्रश्न या रचनेपुढे विचारता येत नाही.

पण आवाजाची ही चढण म्हणजे नुसता साचा तर नव्हे? शंका रास्त आहे. टेक्सासच्या 'एक्स्प्लोजन्स इन द स्काय' या वाद्यवृंदाच्या अशाच चढत्या गिटारी 'फ्रायडे नाइट लाइट्स' या २००४ च्या चित्रपटात शाळकरी मुलांच्या फुटबॉलला साथ देतात, आणि छान देतात. सामन्याला जे चालते, ते मातमलाही चालते. मग ते दुःख कोणाचे?

मीर अनीस यांच्या मर्सियात कोण, कुठे, कसा मारला गेला, हे सांगितलेले असते. अश्रू त्यानंतर येतात. येथे अश्रू आधी येतात आणि कारण शोधावे लागते. गॉडस्पीडची मंडळी ते शीर्षकात ठेवतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या अल्बमला त्यांनी नावच दिले नाही. त्या जागी एक तारीख आणि एक आकडा लिहिला: १३ फेब्रुवारी २०२४, मृत २८,३४०. गाझाच्या आरोग्य मंत्रालयाने त्या दिवसापर्यंत नोंदवलेले हे मृत्यू.

हे शीर्षक झाकून ऐकले तर मला गाझा ऐकू आला असता का? नसता. संगीताच्या ताकदीची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. पण नुसता आकडाही आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. येथे पान उलटता येत नाही. संगीत आकड्याचा अर्थ सांगत नाही, ते आपल्याला त्याच्याजवळ बसवून ठेवते. मातमाच्या घरी गेलेला माणूस तरी दुसरे काय करतो?

शेवटच्या रचनेचे नाव मात्र मला खटकते. राखाडी ढिगारा, हिरवे कोंब, असा त्याचा अर्थ. ही घाई झाली. शीर्षकातल्या त्या तारखेनंतरही आकडा वाढतच राहिला.