'मतदार उदासीन आहेत' हे उत्तर आहे की प्रश्न? जळगावच्या निमित्ताने

पेट परीक्षा झाली की पुढची धावपळ विषय ठरवण्याची. सामाजिक शास्त्रांकडे वळलेल्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक विषय हमखास दिसतो: 'मतदारांची उदासीनता आणि राजकीय भ्रष्टाचार : एक अभ्यास'. गृहीतकही ठरलेलं असतं. मतदार उदासीन, म्हणून भ्रष्ट लोक निवडून येतात. म्हणून मतदार जागृती करा. मी विज्ञान शाखेचा आहे, राज्यशास्त्राचा नाही. पण गृहीतक कसं तपासायचं हे दोन्हीकडे सारखंच असतं, आणि हे गृहीतक तपासलं की ते टिकत नाही असं माझं मत आहे. त्यासाठी आपल्या खान्देशातलंच उदाहरण घेऊ.

जळगाव घरकुल प्रकरण तुम्हाला ऐकून माहीत असेलच. 1990 च्या दशकात तेव्हाच्या नगरपालिकेने झोपडपट्टीतल्या लोकांसाठी हजारो घरकुलांची योजना काढली. गैरव्यवहाराची फिर्याद तत्कालीन आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फेब्रुवारी 2006 मध्ये दिली. माजी मंत्री सुरेश जैन यांना मार्च 2012 मध्ये अटक झाली. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 ला जैन आणि गुलाबराव देवकर यांच्यासह 48 जणांना दोषी ठरवलं. जैन यांना 7 वर्षांची शिक्षा आणि 100 कोटींचा दंड झाला. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जैन यांना जामीन मिळाला. जामीन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे लिहिताना विसरू नका.

आता मतदारांकडे बघा. 1980 पासून जैन जळगावमधून सतत निवडून येत होते. फिर्याद झाल्यानंतर, 2009 मध्येही ते निवडून आले. 2014 मध्ये तुरुंगात असताना त्यांनी निवडणूक लढवली आणि भाजपच्या सुरेश भोळे यांच्याकडून ते हरले. यावरून 'अटक झाली, लोक जागे झाले, लोकांनी शिक्षा दिली' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. थांबा. त्याच निवडणुकीत शिवसेना-भाजप युती तुटली होती, काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीही तुटली होती आणि मोदी लाट होती. म्हणजे एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. प्रयोगशाळेत तापमान, दाब आणि द्रावण एकदम बदललं आणि निकालाचं श्रेय फक्त तापमानाला दिलं, तर गाईड काय म्हणेल? इथेही तेच. 'आधी-नंतर' तुलनेने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

2009 चा निकाल तर गृहीतकाच्या उलट जातो. त्या वेळी लोकांनी मत दिलं आणि निवड केली. ती निवड आपल्याला पटत नाही म्हणून तिला उदासीनता म्हणता येणार नाही. मिलन वैष्णव यांनी 2017 च्या पुस्तकात भारतातल्या गुन्हे दाखल असलेल्या उमेदवारांबद्दल हेच मांडलंय. मतदार अनेकदा माहिती असूनही अशा उमेदवाराला मत देतो, कारण यंत्रणा ढिली असताना 'हा माणूस आपलं काम करून देईल' असं त्याला वाटतं. हा हिशेब चुकीचा असू शकतो, पण तो हिशेब आहे.

मग माहिती दिली की मतदार सुधारतो का? दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा. ब्राझीलमध्ये सोडत काढून नगरपालिका निवडायचे आणि त्यांचं लेखापरीक्षण जाहीर करायचे. फेराझ आणि फिनान यांच्या 2008 च्या अभ्यासात दिसलं की ज्यांचा भ्रष्टाचार 2004 च्या निवडणुकीआधी उघड झाला त्या महापौरांची पुन्हा निवडून येण्याची शक्यता घटली, आणि स्थानिक रेडिओ होता तिथे जास्त घटली. मेक्सिकोत 2009 च्या निवडणुकीआधी भ्रष्टाचाराची माहिती देणारी पत्रकं घरोघर वाटली. तिथे सत्ताधाऱ्यांची मतं कमी झाली, पण विरोधकांचीही झाली आणि एकूण मतदानही घटलं. 2015 मध्ये छापून आलेला हा निकाल 'जागृती करा' म्हणणाऱ्यांना अडचणीचा आहे. भ्रष्टाचार कळल्यामुळेच काही लोक घरी बसले! म्हणजे बाण उलट्या दिशेनेही जाऊ शकतो. उदासीनता हे कारण नसून परिणाम असू शकते.

जळगावातच याला पुष्टी देणाऱ्या गोष्टी आहेत. 2018 च्या महापालिका निवडणुकीत 75 पैकी 57 जागा भाजपला, 15 शिवसेनेला, 3 एमआयएमला मिळाल्या. मार्च 2021 मध्ये भाजपचे 27 नगरसेवक फुटले आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन 45 विरुद्ध 30 मतांनी महापौर झाल्या. 15 अधिक 27 अधिक 3 म्हणजे 45. बेरीज सोपी आहे, पण मतदाराने 2018 ला केलेली बेरीज ही नव्हती. पुढे 2023 मध्ये जळगाव आणि धुळे दोन्ही महापालिकांची मुदत संपली आणि दोन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत राहिले. सर्वोच्च न्यायालयाला मे 2025 मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. ज्याला मत द्यायची संधीच मिळाली नाही, त्याला उदासीन कसं म्हणायचं? आणि फिर्यादीपासून निकालापर्यंत साडेतेरा वर्षं लागली. तेवढ्या काळात विधानसभेच्या 2 आणि लोकसभेच्या 3 निवडणुका होऊन गेल्या. न्यायालयाचं उत्तर यायच्या आधी मतदाराने पाच वेळा पेपर सोडवला होता.

मोजमापाचंही बघा. मतदानाची टक्केवारी म्हणजे उदासीनता नव्हे. यादीत मयत लोकांची नावं राहतात, दुबार नावं राहतात. आपल्याकडची किती तरी मुलं कामासाठी सुरतला, पुण्याला, नाशिकला आहेत आणि नाव मात्र गावच्या यादीत. 2024 ला लोकसभेचं मतदान जळगावात 13 मे आणि धुळ्यात 20 मे रोजी, भर उन्हात झालं. त्यासाठी एक दिवसाचा पगार बुडवून न आलेला माणूस आणि 'कोणी बी आलं तरी काय फरक पडतो' म्हणून न आलेला माणूस टक्केवारीत एकच दिसतो. संशोधकाचं काम त्यांना वेगळं करण्याचं आहे.

आता माझ्यावरच टीका करतो. 'मताचा आणि परिणामाचा संबंध तुटला की लोक मतदान सोडतात' हेसुद्धा गृहीतकच आहे, आणि जळगाव हे एकच उदाहरण. ते खरं असेल, तर ज्या प्रभागांतले नगरसेवक फुटले तिथे पुढच्या पालिका निवडणुकीत मतदान इतर प्रभागांपेक्षा जास्त घटलेलं दिसायला हवं. घटलं नसेल तर मी चुकलो. अडचणही आहे: 2018 ला बहुसदस्यीय प्रभाग होते, त्यामुळे एकाच प्रभागात फुटलेले आणि न फुटलेले दोन्ही सापडू शकतात. हे कसं सोडवायचं, यातच तुमचं एक प्रकरण होईल.

विधानसभा-लोकसभेसाठी फॉर्म 20 मध्ये मतदान केंद्रनिहाय आकडे मिळतात. तिथून सुरुवात करा, मग न आलेल्यांना जाऊन भेटा आणि का आले नाहीत ते विचारा.

मतदाराला सगळं माफ करा असं मी म्हणत नाही. 2009 चं मत जळगावकरांनीच दिलं होतं आणि त्याची जबाबदारी त्यांची आहेच. धुळ्यात 2024 ला लोकसभेचा निकाल फक्त 3,831 मतांनी लागला, त्यामुळे 'माझ्या एका मताने काय होतं' हेही सरसकट खरं नाही. पण सगळा दोष मतदारावर टाकला की बाकीचे सगळे सुटतात: फुटणारे नगरसेवक, लांबलेल्या निवडणुका, रखडलेले खटले. सिनॉप्सिसमध्ये 'उदासीनता' हा शब्द लिहिण्याआधी एवढं विचारा की ती मोजणार कशी, आणि ती आधी आली की नंतर.