हैद्राबाद मुक्तिसंग्रामाच्या लेखनातील निर्वासित बालक

हैद्राबाद संस्थानच्या मुक्तिसंग्रामाविषयी मराठीत झालेले लेखन विपुल आहे. अनंत भालेराव यांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हा ग्रंथ आणि नरेंद्र चपळगावकर यांनी लिहिलेले स्वामी रामानंद तीर्थांचे ‘कर्मयोगी संन्यासी’ हे चरित्र ही त्यातील दोन ठळक नावे. लढ्याचे दर्शन घडविणारे लेखन म्हणून त्यांची योग्यता वादातीत आहे. तथापि, रझाकारांच्या भयाने बीड जिल्ह्यातून मुंबई इलाख्यात गेलेल्या कुटुंबांतील मूल या सबंध वाङ्मयात शोधू लागल्यास ते बहुधा ‘बायकामुलांसह’ या एका समासातच सापडते. समासाच्या बाहेर त्याला स्वतंत्र अस्तित्व नाही.

हे मूल निर्वासित होते काय, अशी शंका घेतली जाईल. सीमेच्या दोन्ही बाजूंस मराठीच बोलली जात होती हे खरे. पण म्हणून ती केवळ जिल्ह्याची हद्द ठरत नाही. 15 ऑगस्ट 1947 पासून 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैद्राबाद भारतीय संघराज्याबाहेर होते. बीडहून पश्चिमेस अहमदनगरच्या बाजूला जाताना करोडगिरीचा नाका लागे. खिशातला हाली रुपया पलीकडे कलदारापुढे उणा पडे. सात हालींचे सुमारे सहा कलदार होत. कागदोपत्री फसली सन मागे राही. गावचा पटवारी पलीकडे कुलकर्णी किंवा तलाठी होई आणि पोलिसांचा अमीन फौजदार होई. विशेष म्हणजे, निजामी राजवटीत दुय्यम शिक्षणाचे माध्यम सामान्यतः उर्दू असल्याने, अलिफ-बे गिरवून चार बुके वाचलेला विद्यार्थी पलीकडच्या मराठी शाळेत अकस्मात अर्धसाक्षर ठरे. शिवाय पश्चिमेकडील लोक संस्थानी मुलखाला ‘मोगलाई’ म्हणत. या शब्दाला बेबंद कारभाराची जी छटा आहे, ती त्या मुलखातून आलेल्या पोरालाही चिकटणे अपरिहार्य होते. ज्या राजवटीच्या जाचामुळे त्याचे घर सुटले, तिच्याच नावाने त्याची ओळख व्हावी, हा विपर्यास वाङ्मयाच्या दृष्टीने किती मोलाचा आहे! आत्मकथनांनी मात्र त्याकडे पाठ फिरविली.

याचे कारण केवळ अनवधान नव्हे. प्रौढ लेखक बालपणाकडे वळतो तेव्हा लढ्याची परिभाषा त्याच्या आधी तेथे पोहोचलेली असते. त्या परिभाषेत उर्दू ही जुलमी सत्तेची भाषा आणि सीमेपलीकडचा मुलूख ही मुक्तभूमी. मुलाची स्मृती अशी वाटणी जाणत नाही. त्याला आठवत असेल ते उर्दू शिकविणारे मौलवीसाहेब, मोहरमचे डोले, हाली पैशात मिळणारा खाऊ. आणि मुक्तभूमीत त्याच्या वाट्याला येई ते परक्याचे ओसरीवरचे अंथरूण. घराची ओढ आणि घरावरील सत्तेचा तिटकारा एकाच मनात नांदू शकतात हे मान्य करण्यास जे धैर्य लागते, ते आपल्या स्मरणलेखनाने क्वचितच दाखविले आहे. इतिहासकाराने लढ्याची परिभाषा वापरणे समर्थनीय आहे. आत्मकथनकाराने ती उसनी घेतली की अनुभव हातचा जातो.

दुसरे कारण परतीचे आहे. कल्याणच्या छावणीत आलेल्या सिंधी मुलाला परतीची वाट नव्हती. मराठवाड्यातील बहुसंख्य मुले काही महिन्यांत घरी आली. सप्टेंबर 1948 मध्ये पोलिस कारवाई पाच दिवसांत आटोपली, आणि विस्थापन हे जणू एक छोटे प्रकरण होऊन संपले. परंतु ज्या गावी मूल परतले, ते गाव तेच राहिले होते काय? पंडित सुंदरलाल समितीने 1948 च्या अखेरीस संस्थानात दौरा केला. कारवाईच्या काळात व तिच्यानंतर संस्थानात 27,000 ते 40,000 माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. त्यांतील किमान 5,000 तिने औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत धरली होती. मृतांत प्रामुख्याने मुसलमान होते. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. म्हणजे एक मूल घरी परतत असताना त्याच आळीतील दुसरे मूल घर सोडून निघाले असणे सहज संभवते, आणि त्या दुसऱ्याला तर समासातही जागा मिळालेली नाही.

या दोघांचे घर एकच होते. त्यांची बोलीही एकमेकींत मिसळलेली, दखनीने मराठीचे प्रत्यय घेतलेले आणि मराठीने दखनीचे शब्द. मराठवाड्याच्या ग्रामीण कथेने ही बोली संवादांपुरती वापरली; निवेदन प्रमाण मराठीतच राहिले. सीमा ओलांडणाऱ्या मुलाने पहिल्या आठवड्यातच जिभेवरून उतरवून ठेवली असेल ती हीच बोली. तिच्यात लिहिलेले बालपण मराठीत अद्याप दिसत नाही. लिहिणाऱ्या पिढीतील माणसे आज ऐंशीच्या पुढे गेली आहेत, आणि विभागांतून होणारे मौखिक संकलन अजून सत्याग्रहींच्या मुलाखतींपाशीच थांबलेले आहे.