आधी कृत्य, मग गुन्हा? स्कॉटलंडमधील कॉमन लॉ गुन्ह्यांची चिकित्सा

फौजदारी कायदा शिकताना आपली पहिली सवय कलम शोधण्याची असते. खून म्हटले की भारतीय न्याय संहितेचे कलम १०१, चोरी म्हटले की कलम ३०३. आता समजा, परीक्षेत खुनाची व्याख्या विचारली आहे आणि त्यासाठी कलमच नाही. स्कॉटलंडच्या विद्यार्थ्यासमोर आजही हीच स्थिती असते. तेथे खून, सदोष मनुष्यवध, हल्ला, चोरी, जबरी चोरी आणि फसवणूक हे मुख्यतः कॉमन लॉचे गुन्हे आहेत. त्यांची व्याख्या संसदेच्या कायद्यात नसून न्यायनिर्णयांत आणि काही अधिकारी ग्रंथांत सापडते. त्यांपैकी सर्वांत वजनदार ग्रंथ बॅरन डेव्हिड ह्यूम यांचा, १७९७ चा. हे ह्यूम म्हणजे त्याच नावाच्या प्रसिद्ध तत्त्वज्ञाचे पुतणे.

या पद्धतीची ‘लवचिकता’ हा तिचा मोठा गुण मानला जातो. नवा अपप्रकार निघाला तरी कायदेमंडळाची वाट पाहावी लागत नाही, असे सांगितले जाते. या टिपणात आपण त्या गुणाचीच तपासणी करू. प्रश्न साधा आहे: एखादे कृत्य गुन्हा आहे हे माणसाला ते करण्यापूर्वी कळायला हवे की नाही? भारतीय संविधानाचे अनुच्छेद २०(१) याचे उत्तर ‘हो’ असे देते. कृत्याच्या वेळी अमलात असलेल्या कायद्याचा भंग झाला असेल तरच दोषी ठरवता येते. युरोपीय मानवी हक्क कराराचे अनुच्छेद ७ हेच तत्त्व सांगते.

घोषणाधिकार: नाव गेले, काम उरले?

एडिनबरोचे हाय कोर्ट ऑफ जस्टिशिअरी हे स्कॉटलंडचे सर्वोच्च फौजदारी न्यायालय. उघडपणे अनिष्ट असलेले कृत्य आधी कोणी शिक्षापात्र ठरवले नसले तरी ते गुन्हा असल्याचे जाहीर करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे हे न्यायालय मानत असे. याला आपण घोषणाधिकार म्हणू. १८३८ च्या ग्रीनहफ खटल्यात सार्वजनिक जुगारअड्डा चालवणे हा गुन्हा असल्याचे बहुमताने ठरले. लॉर्ड कोबर्न यांनी मात्र भिन्नमत नोंदवले. नवे गुन्हे निर्माण करणे हे कायदेमंडळाचे काम आहे, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता.

पुढे या अधिकाराचे नाव घेणे न्यायालयाने जवळजवळ सोडून दिले. पण १९८३ चा खलिक खटला पाहा. ग्लासगोच्या दुकानदारांवर आरोप होता, की त्यांनी लहान मुलांना नशेसाठी हुंगायचे द्रावक, पिशवीसारख्या साधनांसह, जाणूनबुजून विकले. द्रावक विकणे बेकायदा नव्हते आणि मुले ते स्वतःच हुंगत होती. तरीही न्यायालयाने आरोप ग्राह्य धरला. बेपर्वाईने दुसऱ्याला खरी इजा पोहोचवणे हा जुनाच गुन्हा आहे, फक्त त्याचे रूप नवे आहे, असे कारण दिले. निकाल मनाला पटतो. पण जुन्या गुन्ह्याची व्याख्या पुरेशी रुंद ठेवली तर घोषणाधिकाराची गरजच उरत नाही, हेही लक्षात घ्या.

तीन पायऱ्या

म्हणून निकाल आवडला की नाही, यावर मूल्यमापन करू नका. ‘हे कृत्य मला मोकळे होते’ असे आरोपी प्रामाणिकपणे म्हणू शकला असता का, हे विचारा.

पहिली पायरी १९८९ ची. एकत्र राहत असलेल्या पत्नीवरील बलात्कारासाठी पती दोषी ठरू शकतो, असे न्यायालयाने ठरवले. इंग्लंडमध्ये हे १९९१ मध्ये झाले. पतीला सूट देणारे ह्यूम यांचे मत आता लागू होत नाही, असे न्यायालयाने सांगितले. पत्नीवर बळजबरी करणे हा हल्ल्याचा गुन्हा आधीही होताच. गेली ती केवळ सूट. अन्यायाची तक्रार येथे फार कमकुवत ठरते.

दुसरी पायरी खलिकची. माल कायदेशीर, पण ग्राहक कोण आणि हेतू काय, हे विक्रेत्याला ठाऊक. तक्रारीला येथे थोडे बळ येते.

तिसरी पायरी ‘निर्लज्ज असभ्यता’ या गुन्ह्याची. सर्व निर्लज्ज असभ्य वर्तन गुन्हा आहे, असे एका पाठ्यपुस्तकातील व्यापक विधान १९३० च्या दशकात मॅकलॉकलन खटल्यात स्वीकारले गेले. १९७८ च्या वॉट खटल्यात ते खासगी क्लबात अश्लील चित्रपट दाखवण्यालाही लागू झाले. कोणते वर्तन निर्लज्ज, हे न्यायाधीशाने सांगेपर्यंत कळण्याची सोय नव्हती. २००३ मध्ये वेब्स्टर खटल्यात न्यायालयाने हा गुन्हाच निराधार ठरवला. दरम्यान ज्यांना शिक्षा झाली, त्यांच्यासाठी ती लवचिकता हा गुण नव्हता.

मग उपाय काय?

शांतताभंगाच्या गुन्ह्याचा इतिहास वाट दाखवतो. हा गुन्हाही फार पसरला होता. २००१ च्या स्मिथ खटल्यात, अण्वस्त्रविरोधी निदर्शनाच्या संदर्भात, न्यायालयाने कसोटी घट्ट केली: वर्तन सामान्य माणसाला भयभीत करणारे हवे आणि त्यातून समाजात गंभीर गोंधळाचा धोकाही हवा. पुढे सार्वजनिक घटक असलाच पाहिजे, असेही ठरले. त्यामुळे खासगी धमक्यांबाबत पोकळी राहिली. ती स्कॉटिश संसदेने २०१० च्या कायद्यात धमकीच्या व अपमानास्पद वर्तनाचा स्वतंत्र गुन्हा घालून भरली. न्यायालयाने व्याख्या आवळावी आणि विस्तार निवडून आलेल्यांनी करावा, हीच योग्य विभागणी होय.

पण संहिता म्हणजे सर्व दुखण्यांवरचे औषध, असा निष्कर्षही घाईने काढू नका. पतीला दिलेली सूट आपल्याकडे भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये अपवाद म्हणून लिहिलेली आहे. पत्नी १८ वर्षांवरील असेल, तर त्या कलमाखाली तो बलात्कार ठरत नाही. स्कॉटिश न्यायालयाने जे अर्थ लावून केले, ते येथे लिखित शब्द अडवतात. शब्द बदलायला संसद हवी किंवा तो अपवाद घटनाबाह्य ठरवणारा निकाल हवा. लिखित कायदा माणसाला आधी सूचना देतो, तसाच तो जुना अन्यायही जपून ठेवू शकतो.

विचारासाठी प्रश्न

१. खलिक खटल्यातील कृत्य भारतात घडले असते, तर तुम्ही कोणत्या कलमाचा आधार घेतला असता? ते कलम पुरेसे स्पष्ट आहे का?

२. सूट काढून घेणे आणि नवा गुन्हा निर्माण करणे यांत तुम्ही सीमारेषा कोठे आखाल? उत्तर लिहिताना आरोपीच्या जागी उभे राहून पाहा आणि मग पीडित व्यक्तीच्या जागी.